फिरत्या पंख्याचे गणित कुठे चुकते?

1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या काळात धाकटी डहाणूपासून तलासरी तालुक्यातल्या झाईपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात. एरवी पाण्याखाली असणारा पंखा तेव्हा उघडा दिसतो. प्रोपेलरला किनाऱ्यावर पंखाच म्हणतात. पात्यांच्या कडांना खाचा पडलेल्या, पाठीवर शिंपल्यांचा थर. इंजिनात जळणाऱ्या डिझेलची सगळी ताकद या धातूच्या तुकड्यातूनच पाण्यात उतरते. जिथे मिळकतीची वाटणी होते, तिथे डिझेल आधी वजा होते आणि मग खलाशांचा वाटा निघतो. पंखा वाईट असला की त्याची झळ नाखव्याइतकीच तलासरीच्या पाड्यावरून कामाला आलेल्या खलाशालाही लागते.

पंखा बदलावा का, बदलला तर किती फायदा, हा प्रश्न आता संगणकाला विचारता येतो. पाण्याच्या गतीची समीकरणे नाव्हिए यांनी 1822 मध्ये मांडली आणि स्टोक्स यांनी 1845 मध्ये ती पक्क्या पायावर उभी केली. पंख्यासारख्या आकारासाठी ती कागदावर सुटत नाहीत. म्हणून पंख्याभोवतीचे पाणी लाखो कप्प्यांत तोडायचे आणि प्रत्येक कप्प्याचा हिशेब संगणकाकडून करून घ्यायचा. या कप्प्यांच्या रचनेलाही जाळीच म्हणतात, आणि मासेमारीच्या जाळ्याप्रमाणे इथेही सगळे आसाच्या आकारावर ठरते. आस मोठा असेल तर पात्याच्या टोकावरचे भोवरे निसटतात. फार लहान असेल तर संगणक दिवसेंदिवस अडकून पडतो.

हिशेब मध्येच कोसळला तर ते बरेच म्हणायचे. निदान काहीतरी चुकले हे कळते. घात करतो तो गुळगुळीत उतरणारा आलेख. प्रत्येक फेरीगणिक समीकरणातली शिल्लक कमी होत जाते, शेवटी आकडा स्थिर होतो आणि तो आकडा साफ खोटा असतो. शिल्लक कमी झाली याचा अर्थ एवढाच की विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सापडले. प्रश्नच भलता विचारला असेल, तर ते संगणक सांगत नाही.

एक उदाहरण घेऊ. पंख्याचा व्यास 1 मीटर, मिनिटाला 300 फेरे, पंख्याकडे येणाऱ्या पाण्याचा वेग सेकंदाला 3 मीटर. बऱ्याच प्रणाली फिरण्याचा वेग रेडियनमध्ये मागतात. तिथे 31.4 लिहायला हवे. कुणी 300 लिहिले तर पंखा साडेनऊ पटींनी वेगात फिरतो, आणि रेटा साधारण वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे उत्तर सुमारे नव्वद पट फुगते. इतकी मोठी चूक निदान डोळ्यांत भरते. आराखडा मिलिमीटरमध्ये काढलेला आणि प्रणालीने तो मीटर समजून घेतला, तर एक किलोमीटर व्यासाचा पंखा तयार होतो. तेही लवकर पकडले जाते. फिरण्याची दिशा उलटी दिली तर रेटा उलटा येतो. या तीन गोष्टी पहिल्या पाच मिनिटांत तपासाव्यात. अनुभवी माणसेही त्या विसरतात.

खरी मेख आहे फिरण्यातच. जाळी स्थिर असते आणि पंखा फिरतो, हे जमवायचे कसे? पंख्याभोवती एक अदृश्य डबा कल्पितात. सोप्या पद्धतीत डबा जागेवरच राहतो. त्याच्या आत बसून पाहणाऱ्याला पाणी कसे दिसेल, एवढेच मोजायचे. उत्तर लवकर मिळते. मोकळ्या पाण्यातल्या एकट्या पंख्यासाठी ते चांगले चालते. पण होडीच्या मागच्या बुंध्याआड पाणी मंदावलेले असते. प्रत्येक पाते फेऱ्यागणिक त्या मंद पाण्यात शिरते आणि बाहेर पडते. स्थिर डब्यात हा हेलकावा गोठून जातो. मग दुसरी पद्धत हवी: डब्यातली जाळी खरोखर थोडी थोडी फिरवायची. एका पावलात एक अंश म्हटले, तर आपल्या उदाहरणात प्रत्येक पाऊल सेकंदाच्या 1800व्या भागाचे, आणि दहा फेऱ्यांना 3600 पावले.

डब्याची हद्द कुठे आखली, यावर फार काही अवलंबून असते. होडीत सुकाणू पंख्याच्या अगदी मागे असते. डबा जरा ऐसपैस काढला की सुकाणूचा तुकडा आत येतो, आणि संगणकाच्या लेखी सुकाणूही पंख्याबरोबर फिरू लागते! आलेख मात्र तितकाच गुळगुळीत राहतो. उलट, डब्याबाहेर राहिलेला शाफ्ट फिरतो आहे हे वेगळे सांगावे लागते.

मग खोटे ओळखायचे कसे? इथे मला जुन्या लोकांचे कौतुक वाटते. रँकिन यांनी 1865 मध्ये सुरू केलेल्या विचारातून एक सूत्र निघाले. पंखा पाणी मागे लोटतो, त्या लोटण्यात काही शक्ती वाया जाणारच, आणि ती किमान किती हे पात्यांचा आकार न पाहताही सांगता येते. आपल्या पंख्याचा रेटा 6000 न्यूटन धरला, तर कार्यक्षमतेची कमाल मर्यादा सुमारे 76 टक्के येते. खरा पंखा यापेक्षा बराच खाली, 55 टक्क्यांच्या आसपास असेल. संगणकाने 82 म्हटले तर कितीही सुंदर रंगीत चित्र असो, ते बाजूला ठेवून चूक शोधायला लागावे. पाण्याचा वेग निम्मा, म्हणजे दीड मीटर झाला आणि रेटा तोच राहिला, तर ही मर्यादा 53 टक्क्यांवर घसरते. संथ गतीत जड ओढ ओढणाऱ्या होडीचे डिझेल कुठे जाते, ते या एका आकड्यात दिसते.

दुसरी कसोटी मोजलेल्या पंख्यांची. नेदरलँड्समधल्या वागेनिंगेन इथे शंभराहून अधिक नमुना-पंखे पाण्याच्या टाकीत तपासून त्यांची सूत्रे 1975 मध्ये प्रसिद्ध झाली. जर्मनीतल्या पॉट्सडॅमचा 250 मिलिमीटर व्यासाचा, पाच पात्यांचा नमुना 2011च्या हॅम्बुर्ग कार्यशाळेत सर्वांपुढे ठेवला गेला. आपली जाळी आधी अशा पंख्यावर चालवून पाहावी. तिथे जुळली नाही, तर डहाणूच्या होडीवर तिचा भरवसा काय धरायचा?

तिथे जुळली तरी डहाणूचे पाणी वेगळे, ही अडचण उरतेच. टाकीतला नमुना खोल, स्वच्छ पाण्यात फिरतो. खाडीच्या मुखाशी ओहोटीला तळ पंख्याच्या जवळ येतो, होडीखालून मागे जाणारे पाणी चेपले जाते आणि पंख्याकडे येणारा प्रवाह बदलतो. हिशेबात तळाची हद्द दूर आणि खुली ठेवलेली असेल, तर हा परिणाम त्यात येतच नाही. शिवाय खाचा पडलेली कड आराखड्यात नसते. संगणकातला पंखा नेहमीच कोरा करकरीत असतो. म्हणून जुन्या पंख्याची नव्याशी तुलना करताना जुन्याची कड, जशी आहे तशी, मोजून घ्यायला हवी. नाहीतर नव्याचा फायदा खऱ्यापेक्षा कमी दिसतो.

अखेरची तपासणी ऑगस्टमध्ये, होड्या पाण्यात उतरल्यावर. उपग्रहावरून वेग दाखवणारे यंत्र, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा आणि डिझेल मोजायची पट्टी एवढे पुरते. टाकी भरून एकाच वाटेवर प्रवाहासोबत एकदा आणि प्रवाहाविरुद्ध एकदा, त्याच फेऱ्यांवर जायचे. दोन्ही वेगांची सरासरी काढायची, कारण उपग्रह जमिनीवरचा वेग सांगतो आणि पंख्याला पाण्यातला वेग हवा असतो. संगणकाचा आकडा या सरासरीशी जुळला नाही, तर पुन्हा डब्याच्या हद्दीपासून सुरुवात.