पाचशे डॉलरची पावती आणि फुकटातला वकील

वर्गात गोंधळ घातला, शाळेच्या बसमध्ये दंगा केला, तर टेक्सासमध्ये शाळेतला पोलीस मुलाच्या हातात पावती ठेवायचा आणि कोर्टाची तारीख लागायची. गुन्हा ‘क्लास सी’, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीचा. दंड ५०० डॉलरपर्यंत. समोर बसलेल्या ‘जस्टिस ऑफ द पीस’ला वकिलीची पदवी असलीच पाहिजे असा तिथे नियम नाही.

मुलाच्या बाजूने मात्र बहुतेकदा वकीलच नसायचा. १९६४ मध्ये ॲरिझोनातल्या १५ वर्षांच्या जेराल्ड गॉल्टला अश्लील फोनच्या आरोपावरून एकविसाव्या वर्षापर्यंत सुधारगृहात धाडलं गेलं; प्रौढाला त्याच गुन्ह्यासाठी फार तर दोन महिने झाले असते. १९६७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा मुलांना वकिलाचा हक्क दिला. पण प्रत्यक्ष कैद होणार नसेल तर सरकारने वकील द्यायलाच हवा असं नाही, हेही त्याच न्यायालयाने १९७९ मध्ये सांगितलं. शाळेची पावती नेमकी या फटीत पडायची. दंडच तर आहे, म्हणून वकील नाही. आणि तोच दंड थकला तर मूल सतरा वर्षांचं झाल्यावर अटकेचं वॉरंट निघू शकतं. या अन्यायाला क्षुल्लक म्हणणं मला जमत नाही.

इथे विनामूल्य उभे राहणारे वकील पहिली गोष्ट करतात ती मुलाला थांबवण्याची. गुन्हा कबूल करून मोकळं व्हायची घाई नको. मग शाळेचे कागद मागायचे. मुलाला विशेष शिक्षणाची गरज आहे का? ज्याला गुन्हा म्हटलं तो अपंगत्वाचाच भाग होता का? कोर्टाआधी शाळेने स्वतः काय केलं?

‘टेक्सास ॲपलसीड’ ही १९९६ ची संस्था खासगी वकिलांच्या अशाच विनामोबदला श्रमांवर उभी आहे. या पावत्यांवरचा तिचा अहवाल २०१० मध्ये आला. २०१३ च्या कायद्याने शाळेतल्या अशा गुन्ह्यांसाठी पोलिसांनी मुलांना पावत्या देणं बंद झालं. गैरहजेरीचे खटले मात्र चालूच होते, त्या एका वर्षात सुमारे १,१५,०००. गैरहजेरीचा फौजदारी गुन्हा २०१५ मध्ये रद्द झाला.

कोर्टात तक्रार दाखल करण्याची वाट शाळेला आजही मोकळी आहे. एक फरक असा, की मूल विशेष सेवांना पात्र आहे का, हे आता शाळेला तक्रारीसोबत लिहून द्यावं लागतं. कोर्टाच्या व्हरांड्यात वकील आधी तोच कागद शोधतो.