कूस

जळगाव जिल्ह्याच्या पश्चिम कडेला एक तालुका आहे. तिथल्या माणसाला जळगावपेक्षा धुळं जवळ पडतं. त्या तालुक्याच्या गावी मी कापसाच्या भावाबद्दल लिहायला गेले होते. तहसील कचेरीत एकाची वाट पाहत होते आणि समोर निराधार शाखेची रांग होती. एक बाई खिडकीपासून तिसरी होती. तिने मोबाइलवर वेळ पाहिली, हातातले कागद जुळवले, थैलीत घातले आणि रांगेतून बाहेर पडली. मागची म्हातारी म्हणाली, “अवो, आते तुमनाच नंबर शे!”

“राहू द्या, माय. दोन तास व्हई ग्यात.”

रांगेत एवढं उभं राहून तिसऱ्या नंबरावरून कुणी परत जात नाही. मी कापूस विसरले आणि स्टँडपर्यंत त्या बाईच्या मागे गेले.

एस.टी.च्या बाकावर ताईंनी सांगितलं ते असं. नवरा (मी त्यांना दादा म्हणते) घरी खाटेवर. कमरेखाली काही कळत नाही. डॉक्टरांनी दर दोन तासांनी कूस बदलायला सांगितलंय, रात्रीसुद्धा. नाही बदलली तर पाठीला जखम होते, आणि एकदा झाली की महिनोन्‌महिने भरत नाही. घरी सासूबाई आहेत, पण त्यांना दिसत नाही आणि दादांना एका बाजूने उचलणं त्यांच्याच्याने होत नाही. मुलगी नववीला, शाळेत. गावाहून यायला चाळीस मिनिटं, जायला चाळीस. रांगेला उरतात चाळीस.

“आज एस.टी. उशिरा आली,” ताई म्हणाल्या. एवढंच.

आठ दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले.

दारातच वास आला. डेटॉल, खोबरेल तेल, टाल्कम पावडर, आणि मागच्या चुलीवर भाजत असलेल्या कळण्याच्या भाकरीचा. या सगळ्याच्या तळाशी लघवीचा वास, पुसून पुसून फिका केलेला. खाटेच्या दांडीला खाली लघवीची पिशवी बांधलेली होती. त्याच खाटेच्या वर, भिंतीतल्या खिळ्याला, कापडाच्या दुकानाची जाड प्लॅस्टिकची थैली. तीत कागद. ताईंनी ती उतरवून माझ्या मांडीवर ओतली, तेव्हा त्या कागदांनाही तोच वास होता. तो पुढे माझ्या वहीलाही लागला. हे लिहिताना वही उघडली की येतो.

दादा कापसाच्या गाडीवरून पडले. पाच वर्षांपूर्वी, डिसेंबरात. गाडी भरताना वर उभं राहून कापूस तुडवायचा असतो, म्हणजे जास्त बसतो. दोर धरून तुडवत होते, दोर सुटला. धुळ्याला एका खासगी दवाखान्यात मणक्याचं ऑपरेशन झालं. माहेर धुळे तालुक्यात असल्यामुळे महिनाभर भावाने डबा पोचवला. पण दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज राहत्या जिल्ह्यातला, म्हणून ते जळगावला. त्यासाठी छोटा हत्ती भाड्याने केला, मागे गादी टाकली आणि त्यावर दादांना झोपवून नेलं. वाटेत दोनदा गाडी थांबवून ताईंनी कूस बदलली. जळगावचे लोक बरे बोलले, असं ताई आवर्जून सांगतात.

तिथून मिळालेल्या युडीआयडी या दिव्यांग ओळखपत्रावर निळी पट्टी आहे. चाळीस टक्क्यांच्या आत पांढरी, चाळीसपासून पिवळी, ऐंशी आणि त्यापुढे निळी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार एकवीस केले आणि त्याखाली टक्केवारी मोजायची रीत ठरली. दादांच्या शरीराचा कुठला भाग किती गेला, हे त्या कागदावर नीट मोजलेलं आहे. मोजणारा हात चुकला असेल असं मला वाटत नाही.

थैलीतला एक कागद ताई बाजूला ठेवतात. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेची ती झेरॉक्स. दोन अवयव गेले तर दोन लाख रुपये मिळतात, असं कुणीतरी सांगितलं होतं. मिळतात, पण खातेदार शेतकऱ्याला किंवा त्याच्या घरातल्या एकाला. दादा दुसऱ्याच्या कापसावर उभे होते. स्वतःचा सातबारा नाही. “मग नही भेटत,” ताई म्हणाल्या आणि झेरॉक्स पुन्हा घडी करून ठेवली. ती फेकत का नाहीत, हे मी विचारलं नाही.

उरली ती संजय गांधी निराधार अनुदान योजना. ही महाराष्ट्रात १९८० पासून आहे. २०१९ पर्यंत महिन्याला ६०० रुपये होते, मग १०००, २०२३ मध्ये १५००. दिव्यांगांना इतरांपेक्षा निदान पंचवीस टक्के जास्त मदत द्यावी, असं २०१६ च्या कायद्याचं चोविसावं कलम सांगतं. तरी हा आकडा पुढची कितीतरी वर्षं सगळ्यांना एकच राहिला. जून २०२५ मध्ये आंदोलक नेते बच्चू कडू मोझरीला उपोषणाला बसले. दिव्यांगांना सहा हजार रुपये मानधन द्यावं, ही त्यांची एक मागणी होती. सप्टेंबरात मंत्रिमंडळाने दिव्यांगांचं अनुदान अडीच हजार केलं, ऑक्टोबरपासून. मी ताईंना रांगेत पाहिलं ते याच अडीच हजारांसाठी. खात्यात पंधराशेच आले होते. युडीआयडीचा नंबर नोंदवलेला नाही, कार्ड घेऊन या, असं सांगितलं होतं. ते कार्ड दाखवायला चाळीस मिनिटं पुरली नाहीत.

दुसऱ्या फेरीत पुरली, पण आधारवर आणि रेशनकार्डावर दादांच्या वडिलांचं नाव वेगवेगळं निघालं. तिसऱ्या फेरीत साहेब दौऱ्यावर होते. हे मला फोनवर कळलं. खिडकीतल्या माणसावर मी राग काढणार नाही. त्याच्यापुढे दीडशे माणसं असतात आणि कॉम्प्युटर नाव जुळलं नाही की पुढे जात नाही. राग आहे तो या गोष्टीचा, की माणूस हलू शकत नाही हे सिद्ध करायला दरवेळी त्याच्याजवळून त्याच्या एकुलत्या एक हलवणाऱ्या माणसाला उठवून न्यावं लागतं.

उत्पन्नाचा दाखला हा या सगळ्यातला मला सर्वांत अन्यायाचा वाटलेला कागद. दिव्यांगाच्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न पन्नास हजारांच्या आत हवं. तलाठी आप्पांनी (सरकारने त्यांचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी केलंय, गावात आप्पाच म्हणतात) चौकशी करून लिहून दिलं आणि दाखला निघाला. पन्नास हजार म्हणजे दिवसाला १३७ रुपये, अख्ख्या घराला. रोजगार हमीवर २०२५-२६ चा सरकारी दर दिवसाला ३१२ रुपये होता. ताई या दराने १६० दिवस कामाला गेल्या तर ४९,९२० होतात. एकशे एकसष्टाव्या दिवशी दादांचा निराधारपणा संपतो. सरकारनेच ठरवलेल्या मजुरीवर सहा महिनेसुद्धा राबायचं नाही, तरच नवऱ्याचं अनुदान टिकतं.

अर्थात ताईंना १६० दिवस काम मिळतच नाही. त्या गावालगतच्या शेतांतच जातात, निंदणीला किंवा वेचणीला, जिथून धावत घरी येता येईल. दोन तासांनी येतात, कूस बदलतात, पिशवी बघतात, परत जातात. मालक त्याचा अर्धा रोज कापतो. लांबच्या शेतात रोज जास्त आहे, टेम्पो येऊन बायांना घेऊन जातो. तो टेम्पो सकाळी त्यांच्या दारावरूनच जातो.

कचेरीतल्या फेऱ्या मला फोनवर कळल्या; सेतू केंद्रात मात्र मी सोबत होते. ऑपरेटर मुलगा चांगला होता, ताईंना खुर्ची दिली. कुटुंबाची माहिती भरताना त्याने विचारलं, “तुम्ही काय काम करतात?”

“मी त्यासनं करस,” ताई म्हणाल्या. मी त्यांचं करते.

त्याने ‘घरकाम’ टाइप केलं. यादीत दुसरं काही नव्हतंच.

मी या शब्दाशी फार वेळ अडकले. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करणं म्हणजे दर दोन तासांनी, चोवीस तासांत बारा वेळा, आपल्याहून जड माणसाला चादरीच्या आधाराने एका कुशीवरून दुसरीवर आणणं. गुडघ्यांमध्ये उशी, टाचा अधांतरी, पाठीवर बोटं फिरवून लाल डाग उमटलाय का ते बघणं. नळी मुरगळली नाही ना, पिशवीत रंग कसा आहे, ताप आहे का. दवाखान्यात हे काम पगारी माणूस करतो आणि त्याची पाळी संपते. त्याच चोविसाव्या कलमात, जास्त आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहू भत्त्याचे शब्द आहेत, राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. केरळने खाटेवरच्या माणसाचं करणाऱ्याला महिन्याला ६०० रुपये द्यायची योजना काढली. रक्कम लहान आहे, पण त्या फॉर्मवर ताईंसारख्या बाईच्या कामाला निदान एक रकाना आहे.

ताईंच्या स्वतःच्या नावावर येतात ते लाडकी बहीण योजनेचे पंधराशे. त्याच्या ई-केवायसीला नवऱ्याच्या आधारवर ओटीपी येणार, आणि दादांच्या आधारला जोडलेला नंबर अपघातानंतर बंद पडलेला. पुन्हा छोटा हत्ती, पुन्हा गादी, असं ताईंनी धरूनच ठेवलं होतं. तेवढ्यात मुलीने शाळेत ऐकलं की हे काम पोस्टमनही करतो. पोस्टमन आला. खाटेच्या कडेला बसला, मोबाइलला छोटं यंत्र जोडलं, दादांचा अंगठा घेतला, त्याचे पैसे घेतले, पाणी प्यायला आणि गेला. दहा मिनिटं. दादांनी हे मला दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा अंगठा वर करून. पाच वर्षांत सरकारचं माणूस घरात आलं ते एवढंच.

मग बाकीची यंत्रं का येत नाहीत? सत्तरीच्या वरच्यांना आणि दिव्यांगांना घरी जाऊन सेवा द्या, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना नोव्हेंबर २०१७ मध्येच कळवलंय. निळ्या पट्टीची माणसं कुठल्या गावात किती, हे सरकारदरबारी नोंदलेलं आहे. हयातीचा दाखला, नावाची दुरुस्ती, युडीआयडीची नोंद, यातलं एकही काम पोस्टमनच्या कामाहून अवघड नाही.

थैलीत एस.टी.च्या सवलतीचा कागदही आहे. दादांना तिकिटात पंचाहत्तर टक्के सूट, सोबतच्या माणसाला निम्मी. दादांना बसता येत नाही, म्हणून ती वापरली गेली नाही. ताईंचं तिकीट मार्च २०२३ पासून तसंही अर्धं आहे.

मी निघाले तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. ताईंनी चुलीपासून उठून हात धुतले, कोरडे केले, खाटेपाशी आल्या. “ताई, तेवढी उशी धरा.” मी धरली. त्यांनी चादरीची एक कड मुठीत घेतली, गुडघा खाटेला टेकवला, दादांना नावाने नाही, “चला,” एवढंच म्हणाल्या आणि एका ओढीत त्यांना माझ्याकडे वळवलं. दादांचा चेहरा माझ्यासमोर आला. ते थोडे लाजले, मग हसले. ताई पाठीवरून बोटं फिरवत होत्या, कमरेच्या हाडापाशी थांबल्या, परत फिरवली.

“काही नाही,” त्या म्हणाल्या. “कोरडं आहे.” तेलाचा हात लावला, थैली खिळ्याला परत अडकवली, आणि मुलीला हाक मारली, “सातला आठवण कर.”