कावळ्याची मर्जी

'हाचिजी दा यो! झेनइन शूगो' या जपानी कार्यक्रमाच्या नावाचा अर्थ 'आठ वाजले, सगळे जमा व्हा!' असा आहे. टीबीएस वाहिनीवर ४ ऑक्टोबर १९६९ रोजी तो सुरू झाला आणि मधला सहा महिन्यांचा खंड सोडला तर २८ सप्टेंबर १९८५ पर्यंत दर शनिवारी रात्री आठला चालत राहिला. एखाद्या गावचे किंवा शहरातले सभागृह, खच्चून भरलेले प्रेक्षक, त्यात निम्मी लहान मुले आणि रंगमंचावर जे घडेल ते त्याच क्षणी साऱ्या देशभर दिसणारे, असे त्याचे स्वरूप होते. ७ एप्रिल १९७३ च्या भागाला ५०.५ टक्के प्रेक्षकसंख्या नोंदवली गेली. प्रहसने, धडपडणे, कोसळणारी घरे यांसाठी तो आजही आठवला जातो. परंतु त्याचा कणा संगीताचा होता. जुनी गाणी घ्यायची, त्यांचे शब्द फिरवायचे आणि ती नव्या पिढीच्या तोंडी बसवायची, हे काम या कार्यक्रमाने जितके केले तितके जपानमध्ये फार थोड्यांनी केले असेल.

कार्यक्रम करणारे 'द ड्रिफ्टर्स' हे पाच जण मुळात वाद्यवृंदातले वादक होते. पुढारी इकारिया चोसुके बास गिटार वाजवत, कातो चा ड्रम्सवर, ताकागी बू आणि नाकामोतो कोजी गिटारवर, तर आराई चू पियानोवर असत. १९६६ मध्ये बीटल्स टोकियोच्या निप्पोन बुदोकानमध्ये आले, तेव्हा त्यांच्याआधी रंगमंचावर येणाऱ्यांत ड्रिफ्टर्सही होते. १९७४ मध्ये आराई यांनी निवृत्ती घेतली आणि त्यांच्या जागी शिमुरा केन हा तरुण आला. तोपर्यंत तो याच मंडळींचे सामान वाहणारा मदतनीस होता. हे सारे लयीत मुरलेले लोक असल्यामुळे डोक्यावर पडणारी धातूची परातसुद्धा नेमक्या मात्रेवर पडत असे. त्यांच्या विनोदातली ही अचूकता तालमीची होती आणि ती वाद्य हाती घेऊन कमावलेली होती.

ओळखीच्या चालीवर नवे शब्द रचलेल्या गाण्याला जपानीत 'काएउता' म्हणतात. शब्दशः पाहिले तर 'बदललेले गाणे'. शाळकरी मुले, सैनिक, कारखान्यातले कामगार अशी गाणी पिढ्यान्‌पिढ्या रचत आले. त्यातला विनोद कळायला ऐकणाऱ्याच्या कानात मूळ गाणे आधीपासून असावे लागते. म्हणूनच टीव्हीवरच्या काएउताने घराघरांत एक वेगळी गोष्ट घडवली. मुले नव्या शब्दांवर हसत, आईवडील जुनी चाल ओळखून हसत आणि मग मूळ गाणे काय होते हे मुलांना सांगावे लागे.

ड्रिफ्टर्सनी निवडलेल्या चाली पाहिल्या की हे लगेच लक्षात येते. कार्यक्रमाचे सुरुवातीचे गाणे 'होक्काई बोनउता' या लोकगीताच्या चालीवर होते. उन्हाळ्यात पितरांच्या स्मरणार्थ 'ओबोन' साजरा होतो, तेव्हा मधोमध उंच मचाण बांधून त्याभोवती फेर धरला जातो. होक्काइदो बेटावरच्या कोळसाखाणींच्या भागात वाढलेले हे त्याच फेराचे गाणे. शेवटी गरम पाण्याच्या झऱ्यांवर रचलेल्या 'ई यु दा ना' या १९६६ च्या गाण्याची बदललेली आवृत्ती येई आणि ते चालू असताना कातो चा मुलांना दात घासायची, गृहपाठ करायची आठवण करून देत असे. शनिवारची रात्र या दोन चालींच्या मध्ये बसलेली होती.

युद्धकाळातल्या गाण्यांशी त्यांचे नाते अधिक नाजूक होते. १९६९ मध्ये गाजलेले 'दोरिफु नो झुन्दोकोबुशी' हे नौदलातल्या सैनिकांमध्ये गायल्या जाणाऱ्या गाण्यावरून आले. पुढच्या वर्षीचे 'होंतो नि होंतो नि गोकुरोसान' हे भूदलातल्या सैनिकांच्या गाण्यावरून. १९७७ पासून फुजी वाहिनीवर ड्रिफ्टर्सचा 'दोरिफु दायबाकुशो' हा दुसरा कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या शीर्षकगीताची चाल 'तोनारिगुमि' या १९४० च्या गाण्याची होती. शेजारपाजारच्या घरांचे गट करून शिधावाटपापासून हवाई हल्ल्याच्या तयारीपर्यंत सारे त्यांच्यावर सोपवण्याची सरकारी व्यवस्था म्हणजे तोनारिगुमि. तिच्या प्रचारासाठी व्यंगचित्रकार ओकामोतो इप्पेई यांनी ते गीत लिहिले होते. ज्यांनी ती वर्षे भोगली, त्यांच्या कानांवर तीच चाल तीस-पस्तीस वर्षांनी हसण्याचे आमंत्रण घेऊन आली. चालीवरचा धाकाचा डाग पुसून निघाला आणि तिच्यातला मूळचा आनंद मोकळा झाला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

मुलांचा खरा लाडका ठरला तो शिमुरा केन. नोगुची उजो यांचे शब्द आणि मोतोओरी नागायो यांची चाल असलेले 'नानात्सु नो को' हे १९२१ चे बालगीत प्रत्येक जपानी मुलाला पाठ असते. कावळा का ओरडतो, या प्रश्नाला डोंगरातल्या घरट्यात त्याची लाडकी पिले आहेत म्हणून, असे मायेने भरलेले उत्तर त्यात आहे. शिमुराने प्रश्न तसाच ठेवला आणि उत्तर बदलले. का ओरडतो? ती कावळ्याची मर्जी! मुलांनी हे इतके उचलले की शाळाशाळांत मूळ शब्द मागे पडू लागले. शिक्षक-पालक संघ या कार्यक्रमावर आधीपासूनच नाराज होते. अन्नाची नासाडी, मारामारी, चावट हावभाव यांबरोबर बालगीताची मोडतोड हाही आक्षेप त्यात जमा झाला. पालकांची काळजी खोटी नव्हती. पण सहासात वर्षांच्या मुलाला त्या उत्तरातून मिळणारी मोकळीकही तितकीच खरी होती.

शिमुराचे कान मात्र केवळ जुन्या गाण्यांत गुंतलेले नव्हते. अमेरिकी सोल संगीताचा तो जाणकार होता. खोट्या मिशा लावून दोघांनी बिनशब्दांच्या कसरती करायच्या, अशा 'हिगे डान्स'ची ठेकेदार धून टेडी पेंडरग्रास यांच्या १९७९ च्या 'डू मी' वरून घेतलेली होती. लाखो जपानी मुलांनी सोल संगीताची पहिली चव या मिशांमधून घेतली.

ही परंपरा ड्रिफ्टर्सपासून सुरू होत नाही. टोकियोच्या आसाकुसा या करमणुकीच्या वस्तीत १९३७ मध्ये 'आकिरेता बोइझु' ही चौकडी उभी राहिली. कथागायनाचे पारंपरिक 'रोक्योकु', जाझ आणि पाश्चात्त्य चित्रपटांतली गाणी एकाच दमात मिसळून ती लोकांना हसवत असे. त्यातले कावादा पुढे बालगायिका मिसोरा हिबारीचे मार्गदर्शक झाले. हिबारी स्वतः नक्कल करत वर आली. युद्धानंतरच्या 'बूगी'च्या राणी कासागी शिझुको यांची ती हुबेहूब नक्कल करी. युद्धोत्तर जपानची सर्वांत मोठी गायिका नकलेतून घडली, ही गोष्ट विनोद आणि गायन यांतली भिंत तिथे किती पातळ होती हे दाखवते. साठच्या दशकात हाना हाजिमे यांच्या 'क्रेझी कॅट्स'ने तीच वाट टीव्हीवर आणली. त्यांच्यापैकी उएकी हितोशी यांनी गायलेले १९६१ चे 'सुदाराबुशी' लिहिणारे आओशिमा युकिओ १९९५ मध्ये टोकियोचे गव्हर्नर झाले.

ड्रिफ्टर्सच्या सद्दीला धक्का दिला तो फुजी वाहिनीच्या 'ओरेताची ह्योकिनझोकु'ने. मे १९८१ मध्ये सुरू झालेला हा कार्यक्रम पुढे त्याच शनिवारी आठच्या वेळेला समोर उभा ठाकला. बीट ताकेशी, आकाशिया सान्मा, शिमादा शिन्सुके, यामादा कुनिको, काताओका त्सुरुतारो असे नव्या दमाचे विनोदकार त्यात होते. ड्रिफ्टर्स आठवडाभर घोटून तालीम करत. इथे ऐनवेळच्या उत्स्फूर्ततेला मोकळे रान होते.

त्यातला 'ह्योकिन बेस्ट टेन' हा भाग टीबीएसच्या 'द बेस्ट टेन' या अतिशय लोकप्रिय गीतमालेचे विडंबन होता. जानेवारी १९७८ पासून दर गुरुवारी रात्री नऊला येणाऱ्या त्या मालेत तबकड्यांची विक्री, रेडिओवरची क्रमवारी, श्रोत्यांची पत्रे यांवरून गाण्यांना ९९९९ पैकी गुण दिले जात. फळ्यावरच्या पट्ट्या खडखडत उलटून क्रमांक दाखवत आणि गायक आगगाडीत किंवा विमानतळावर असला तरी कॅमेरा तिथे पोचे. ती सादर करणाऱ्यांत कुरोयानागी तेत्सुको होत्या. मराठी वाचकांना त्या 'तोत्तोचान'च्या लेखिका म्हणून माहीत आहेत. ते पुस्तक जपानमध्ये १९८१ मध्ये आले, म्हणजे ज्या वर्षी ह्योकिनझोकु सुरू झाला त्याच वर्षी. विडंबनात विनोदकार गायकांचे वेष करून येत. काताओकाने तरुण गायक कोंदो मासाहिको याची केलेली नक्कल विशेष गाजली. विडंबनातून खरी गाणीही जन्मली. सान्माने रंगवलेल्या 'आमिदाबाबा' या विक्षिप्त म्हातारीसाठी १९८३ मध्ये गाणे रचले ते 'सदर्न ऑल स्टार्स' या बँडच्या कुवाता केइसुके यांनी.

दुसरा प्रवाह 'मोनोमाने'चा, म्हणजे नकलेचा. फुजी वाहिनीवर १९७३ मध्ये नकलाकारांची अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली. आरंभी गायकच एकमेकांच्या नकला करत, नंतर व्यावसायिक नकलाकारांनी मैदान मारले. कुरिता कान्इची यांचा भर आवाजावर होता. 'लुपान तिसरा' या कार्टूनमधल्या चोराला आवाज देणारे यामादा यासुओ १९९५ मध्ये वारले, तेव्हा ती भूमिका त्यांची नक्कल करणाऱ्या कुरितांकडेच आली. कुमामोतोचा कोरोक्के याने मात्र चेहरा आणि अंगविक्षेप यांचे टोक गाठले. 'एन्का' या जपानी भावगीतांचे गायक इत्सुकी हिरोशी यांना त्याने यंत्रमानव करून टाकले. त्याच्या नकलांमुळे मिकावा केनइची हे विस्मृतीत गेलेले गायक पुन्हा घरोघरी पोचले आणि १९९१ मध्ये, तब्बल १७ वर्षांनी, नववर्षाच्या पूर्वसंध्येच्या 'कोहाकु' या राष्ट्रीय गायनसोहळ्यात परतले. नकलाकार गात असताना खरा गायक गुपचूप मागून अवतरतो, ही या कार्यक्रमांची हातखंडा युक्ती. थट्टा करणारा घाबरतो, गायक हसतो आणि दोघे मिळून गाणे पुरे करतात. त्यावेळी सभागृहात उमटणारा आनंद निर्मळ असतो.

कायद्याची वाट मात्र अवघड आहे. जपानी स्वामित्वहक्क कायद्यात विडंबनाला स्वतंत्र सवलत नाही. मूळ रचनाकाराच्या संमतीशिवाय शब्द बदलणे धोक्याचे ठरते. तामोरी या विनोदकाराने १९८१ मध्ये युद्धोत्तर गीतांचा सारा इतिहास बनावट गाण्यांतून उभा करणारी एक तबकडी काढली. अशाच अडचणींमुळे ती खुलेपणाने विकली गेली नाही. पुढे कामोन तात्सुओने एकेका गाण्याची परवानगी मिळवत 'काएउता मेडली' रचली आणि १९९२ मध्ये तो तीच घेऊन कोहाकुच्या मंचावर उभा राहिला.

१९८९ मध्ये हा काळ एकदमच मिटला. जानेवारीत सम्राटांच्या निधनाने शोवा पर्व संपले, जूनमध्ये मिसोरा हिबारी गेल्या, सप्टेंबरमध्ये 'द बेस्ट टेन' आणि ऑक्टोबरमध्ये 'ह्योकिनझोकु' बंद झाले. त्या पर्वातली गाणी आता 'शोवा कायो' या एकाच नावाने ओळखली जातात आणि आजचे तरुण नकलाकार जन्माआधीच्या गायकांच्या लकबी चित्रफिती पाहून शिकतात.

शिमुराचे गाव हिगाशिमुरायामा टोकियोच्या पश्चिमेला आहे. तिथे १९६३ मध्ये 'हिगाशिमुरायामा ओंदो' हे गावगीत रचले गेले होते. गावाबाहेर ते कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. १९७६ मध्ये शिमुराने ते 'झेनइन शूगो'मधल्या मुलांच्या गायकवृंदाच्या भागात गायला घेतले, पुढे स्वतःचे विचित्र वेष आणि आळीआळीची कडवी जोडली आणि गावाचे नाव देशभर झाले. नगरपालिकेने त्याला आभारपत्र दिले. २९ मार्च २०२० रोजी करोनाने त्याचा मृत्यू झाला. पुढच्या वर्षी स्थानकासमोर त्याचा पुतळा उभा राहिला आणि आता फलाटावरून गाडी सुटताना त्याच गावगीताची धून वाजते.