धावपट्टी संपते तिथून पुढे

विंग कमांडर दीपक साठे यांच्याबद्दल लिहायचं तर सुरुवात हैदराबादजवळच्या दुंडिगलपासून करावी लागते. आमच्या उमरगा तालुक्यातल्या मुरुमकरांना हा भाग परका नाही. उमरग्याहून महामार्गाने निघालं की हैदराबाद गाठायला फार वेळ लागत नाही, आणि शहराच्या अलीकडे-पलीकडे हवाई दलाची सराव विमानं घिरट्या घालताना दिसतात. तिथल्या अकादमीतून जून १९८१ मध्ये बाहेर पडलेल्या तुकडीत मानाची तलवार साठ्यांना मिळाली. वडील लष्करात अधिकारी, घर नागपूरला, शिक्षण खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत अठ्ठावन्नाव्या तुकडीत. पुढे ‘गोल्डन ॲरोज’ या सतराव्या स्क्वॉड्रनमध्ये त्यांनी लढाऊ विमानं चालवली आणि हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये चाचणी वैमानिक म्हणून काम केलं. विमान कुठे दगा देतं हे मुद्दाम शोधून काढायचं, हे चाचणी वैमानिकाचं कामच. २००३ मध्ये त्यांनी गणवेश उतरवला, एअर इंडियात आले आणि नंतर एअर इंडिया एक्स्प्रेसची बोइंग ७३७ उडवू लागले.

साठ्यांचं शेवटचं उड्डाण जिथे संपलं, ते कोझिकोडचं करिपूर विमानतळ १९८८चं.

हे करिपूर टेकडीचा माथा सपाट करून बांधलं आहे. अशा धावपट्टीला टेबलटॉप म्हणतात. मंगळुरू आणि मिझोराममधलं लेंगपुई याच जातीचे. धावपट्टी संपते आणि पुढे उतार सुरू होतो. खालच्या रस्त्यावर उभं राहून मी ते टोक पाहिलं आहे. आपल्या डोक्याच्या कितीतरी वर विमानाची चाकं थांबायला हवीत, ही गोष्ट नकाशावर कळत नाही.

७ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी ‘वंदे भारत’ मोहिमेतलं दुबईचं विमान घेऊन साठे आणि सहवैमानिक अखिलेश कुमार तिथे पोचले. आत १८४ प्रवासी, कर्मचारी धरून १९० जण. धो धो पाऊस. पहिला प्रयत्न सोडून दिला, दुसऱ्यांदा विरुद्ध बाजूने उतरायचं ठरलं, तेव्हा वारा पाठीमागून होता. पाठीमागचा वारा विमानाला जमिनीवर अधिक वेगाने आणून टाकतो, आणि ओल्या पट्टीवर ब्रेक कमी धरतात. २,७०० मीटरच्या पट्टीवर चाकं टेकली ती सुमारे १,३५० मीटरवर. विमान टोकावरून खाली कोसळलं, तुकडे झाले. दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले. आग लागली नाही, आणि करोनाच्या त्या दिवसांत जवळच्या कोंडोट्टीची माणसं अंगावर पाऊस घेत धावली. जखमींना मिळेल त्या गाडीत घालून त्यांनी दवाखाने गाठले, म्हणून कितीतरी जीव वाचले.

२०२१ च्या चौकशी अहवालाने वैमानिकाच्या चुकांवर बोट ठेवलं: उतरण स्थिर नव्हती, सहवैमानिकाने पुन्हा वर जाऊया म्हटलं तरी विमान उतरवलं गेलं. काचेवरचा वायपर नीट चालला नव्हता, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कॅप्टनला पुढचं उड्डाण होतं आणि त्या तळावर कॅप्टन अपुरे होते, हेही त्यात आहे. अहवाल मी मान्य करतो. पण मानाची तलवार मिळवलेला, चाचणी वैमानिक राहिलेला माणूस चुकू शकतो, तर उद्या कुणीही चुकेल. तेव्हा धावपट्टीपुढची जमीन ही चूक पोटात घेणारी असली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. मंगळुरूला २२ मे २०१० रोजी असंच विमान कोसळून १५८ माणसं गेली, तेव्हाच हा धडा मिळाला होता.

धावपट्टीपुढे राखलेल्या अशा मोकळ्या पट्ट्याला ‘रेसा’ म्हणतात. आंतरराष्ट्रीय नियमानुसार किमान ९० मीटर, शिफारस २४० मीटरची. जागाच नसेल तर तिथे दाबाखाली चुरा होणाऱ्या हलक्या काँक्रीटच्या लाद्या घालतात. विमानाची चाकं त्यात रुततात आणि वेग मरतो. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर १९९६ मध्ये अशा लाद्या बसवल्या. १९९९ मध्ये एक छोटं विमान त्यांत अलगद अडकून थांबलं. २०१६ मध्ये ला गार्डियावर अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाचे उमेदवार माइक पेन्स यांचं विमान असंच थांबलं. तेही ७३७च. हे वाचल्यापासून करिपूरचं ते टोक माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

आपल्या भागात अडथळा उताराचा नव्हता, उंचीचा होता. सोलापूरच्या विमानतळाजवळ सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी उभी होती. आमचा भाग ऊसवाल्यांचा, मुरुमलाही विठ्ठलसाई कारखाना आहे, त्यामुळे चिमणी पाडू नका म्हणणाऱ्या शेतकऱ्यांचं दुःख मला कळतं. तरीही १५ जून २०२३ रोजी ती पाडली, हे योग्यच झालं. २०२५ मध्ये सोलापूरहून गोव्याला विमानं सुरू झाली.

धाराशिवची धावपट्टी २००९ मध्ये लातूर, नांदेड, यवतमाळ आणि बारामतीबरोबर ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने खासगी कंपनीला दिली होती. तिथे कधी प्रवासी विमान येणार, हे आपण प्रत्येक निवडणुकीत विचारतो. दोन्ही टोकांना किती मीटर मोकळी, सपाट जमीन राखून ठेवली आहे, हेही विचारा. आसपास प्लॉट पडायच्या आधी विचारा.