माणसांचा पडदा

गावच्या जत्रेत नाटक करायचे ठरले, की पहिली चिंता पडद्यांची. वाड्याचा पडदा हवा, रानाचा हवा, रस्त्याचा हवा. भाडे ऐकूनच छाती दडपते. पण नाटक मनाला भिडायला एवढे सामान खरेच लागते का?

तमाशातला वग आठवा. नाशिक रोडहून आगगाडीने काशीला जायचे तर जवळजवळ एक दिवस मोडतो. वगातला राजा मात्र ढोलकीच्या तालावर एक फेरी मारतो नि म्हणतो, "आलो बुवा काशीला!" आपण हसतो, पण ते मानतो. ती काशी कोण उभी करतो? आपलेच मन.

हीच जुनी रीत घेऊन पुण्याच्या कलावंतांनी एक गंभीर नाटक बसवले. त्याचे नाव 'घाशीराम कोतवाल'. पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात झाला. नाटक लिहिले विजय तेंडुलकरांनी, बसवले जब्बार पटेलांनी. संगीत भास्कर चंदावरकरांचे आणि नाच कृष्णदेव मुळगुंदांनी बसवलेले.

गोष्ट अशी. परगावचा घाशीराम पुण्यात येतो. त्याच्यावर चोरीचा खोटा आळ येतो, मार बसतो. तो सूड घ्यायची शपथ घेतो. आपली मुलगी नाना फडणविसांना देतो आणि बदल्यात कोतवाली मिळवतो. मग लोकांचा छळ मांडतो. पुढे मुलगी मरते आणि शेवटी जमाव त्यालाही ठार मारतो. नाना व घाशीराम इतिहासात होऊन गेले, पण नाटकातली सारीच हकीगत इतिहास नव्हे, बरं का.

या नाटकात वाड्याचे चित्र नाही. आहे ती माणसांची एक रांग. रांगेने आपल्याकडे पाठ केली, की झाला पडदा. तोंड फिरवले, की झाले पुण्याचे लोक. हीच रांग गाते, डुलते, नाचते.

याने खर्च वाचतो, हा फायदा लहान. मोठी गोष्ट वेगळीच आहे. कापडाच्या पडद्याला डोळे नसतात. त्याच्यामागे पाप घडले तर पडद्याला दोष कसा द्यावा? माणसांचा पडदा मात्र सगळे पाहतो, ऐकतो, आणि तरी गातच राहतो.

संगीताचेही तसेच. हरिनाम कानी पडले, की आपले मन निवळते. इथे हरिनाम घेणारी तोंडेच घटकाभरात लावणीच्या रंगात येतात. रडके सूर वाजवले असते, तर आपण डोळे पुसून मोकळे झालो असतो. पण सूर गोड नि समोर जुलूम, असे झाले की काळजात चर्र होते.

या नाटकावर मोठे वादळ उठले. १९ प्रयोगांनंतर ते थांबवावे लागले. कलावंतांनी १९७३ साली 'थिएटर अकॅडमी' ही संस्था काढून ते पुन्हा उभे केले. १९८० साली ते युरोपातही गेले.

तेव्हा मंडळी, पडद्यांवाचून अडून बसू नका. समजा, हुंड्यापायी सुनेचा छळ होतो, असे नाटक करायचे आहे. घराची भिंत म्हणून शेजाऱ्यांची रांग उभी करा. आत सून रडते आहे आणि शेजारी पाठ फिरवून जात्यावरची ओवी गुणगुणताहेत. बघणाऱ्यांत असा एखादा शेजारी असला, तर त्याला त्या रात्री झोप लागणार नाही.