सागरी सहल आणि सरहद्दीचे कागद

समुद्रावरील सहल ही आतां केवळ धनिकांची चैन राहिलेली नाहीं. आजी-आजोबा, आईबाप आणि शाळेंत जाणारीं मुलें असें सबंध कुटुंब चार-सात दिवस एका मोठ्या जहाजावर राहतें, वाटेंत दोन-तीन बंदरें पाहतें आणि जेथून निघालें त्याच धक्क्यावर परत उतरतें. राहण्याची खोली एकच असते, जेवणाची सोय जहाजावरच असते, आणि सामान वारंवार बांधावें-सोडावें लागत नाहीं. या सोयीमुळें प्रवाशांच्या मनांत एक गैरसमज सहज रुजतो. जहाज फिरून पुन्हा स्वदेशींच येणार, मग हा परदेशप्रवास कसला, आणि पासपोर्ट व व्हिसा यांची यातायात तरी कशाला, असें त्यांस वाटूं लागतें.

कायद्याची दृष्टि मात्र निराळी आहे. जहाज परक्या देशाच्या बंदरास लागलें कीं, त्यावरील प्रत्येक मनुष्य सरहद्दीबाहेर गेला असें धरलें जातें. परत येणें म्हणजे नव्यानें देशांत प्रवेश करणें होय. त्यासाठीं कागद लागतात, आणि ते परतीच्या दिवशीं नव्हे, तर निघण्याच्या दिवशींच तपासले जातात. अपुऱ्या कागदांच्या प्रवाशास आणल्याबद्दल दंड बहुधा जहाजाच्या कंपनीस भरावा लागतो. म्हणून कंपनीचा कारकून धक्क्यावर फार काटेकोर असतो. एका मुलाच्या एका दाखल्यासाठीं सहा माणसांचें कुटुंब धक्क्यावरून माघारीं फिरूं शकतें, आणि अशा वेळीं भरलेले पैसेही बहुधा परत मिळत नाहींत.

प्रथम पासपोर्ट आणि व्हिसा यांतील भेद ध्यानांत घ्यावा. पासपोर्ट हा ज्याच्या त्याच्या सरकारनें दिलेला असतो. “हा मनुष्य आमचा नागरिक आहे, आणि यास परत घेण्यास आम्ही बांधलेले आहों,” इतकें त्याचें तात्पर्य. व्हिसा हा यजमान देश देतो. “आमच्या दारापर्यंत येण्यास हरकत नाहीं,” असा त्याचा अर्थ. पहिलें घरचें पत्र, दुसरें पाहुणचाराचें आमंत्रण. एक असून दुसरें नसेल तर प्रवास अडतो. १९१४ च्या महायुद्धापूर्वीं युरोपांतील पुष्कळशा देशांत पासपोर्टावांचून फिरतां येत असे. युद्धानें तें स्वातंत्र्य संपविलें. १९२० सालीं राष्ट्रसंघाच्या विद्यमानें पॅरिस येथें परिषद भरली व पासपोर्टाच्या पुस्तिकेचा एक सर्वमान्य नमुना ठरला. त्याच वर्षीं हिंदुस्थानांतही पासपोर्टाचा कायदा झाला. स्वतंत्र भारताचा पासपोर्टविषयक कायदा १९६७ सालचा आहे.

सागरी सहलींचा सर्वांत मोठा व्यवहार अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत चालतो, म्हणून तेथील नियम उदाहरणादाखल पाहणें सोयीचें होईल. फ्लोरिडांतील मायामी, टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन, पश्चिमेकडील सिअॅटल अशा बंदरांतून हीं जहाजें निघतात. जहाज अमेरिकेच्या धक्क्यावरून निघतें व अमेरिकेच्याच धक्क्यावर परततें, तर वाटेंत परक्या बंदरास लागण्याची गरज काय, असा प्रश्न कोणासही पडेल. त्याचें कारण १८८६ सालच्या एका जुन्या कायद्यांत आहे. परकीय निशाणाच्या जहाजानें केवळ अमेरिकन बंदरांमध्येंच उतारूंची ने-आण करूं नये, असा त्या कायद्याचा रोख आहे. सहलीचीं बहुतेक मोठीं जहाजें बहामा, पनामा अशा देशांत नोंदलेलीं असतात. म्हणून सिअॅटलहून अलास्का पाहावयास निघालेलें जहाजही वाटेंत कॅनडांतील व्हिक्टोरिया बंदरास कांहीं तास तरी लागतें. उतारूंस तो एक रम्य मुक्काम वाटतो. परंतु त्या मुक्कामाच्या मागें हा कायदा उभा असतो, आणि त्या कांहीं तासांमुळेंच सरहद्द ओलांडली जाते.

पूर्वीं अमेरिकन नागरिकास शेजारच्या देशांतून परततांना पासपोर्ट दाखवावा लागत नसे. २००१ सालच्या हल्ल्यांनंतर, २००४ सालीं झालेल्या कायद्यानें ही ढिलाई बंद केली. विमानानें येणाऱ्यांस नवा नियम २३ जानेवारी २००७ पासून आणि जमिनीवरून वा समुद्रमार्गें येणाऱ्यांस १ जून २००९ पासून लागू झाला. मात्र सहलीच्या जहाजांस एक सवलत ठेवण्यांत आली. ज्या बंदरांतून जहाज निघतें त्याच बंदरांत तें परत येत असेल आणि फेरी शेजारच्या प्रदेशापुरतीच असेल, तर अमेरिकन नागरिकास पासपोर्टावांचून चालतें. या फेरीस तिकडे ‘क्लोज्ड लूप’ म्हणतात. सोळा वर्षांवरील नागरिकानें जन्मदाखल्यासारखा नागरिकत्वाचा पुरावा आणि छायाचित्र असलेलें सरकारी ओळखपत्र दाखवावें. सोळा वर्षांखालील मुलास केवळ जन्मदाखला पुरतो.

सवलत सोपी दिसते, परंतु तिच्यांत अडखळण्याच्या जागा पुष्कळ आहेत. इस्पितळानें कौतुकानें दिलेला, बाळाच्या पावलांचा ठसा असलेला कागद हा जन्मदाखला नव्हे. दाखला सरकारी नोंदणी कचेरीचाच लागतो. पोर्टो रिको बेटांत १ जुलै २०१० पूर्वीं दिलेले जन्मदाखले तर रद्दच ठरविण्यांत आले आहेत. त्यांच्या जागीं नवे घ्यावे लागतात. विवाहानंतर स्त्रीचें आडनांव बदललें असेल, तर जन्मदाखल्यावरील नांव व ओळखपत्रावरील नांव यांस जोडणारा विवाहाचा दाखला जवळ हवा. जहाज एका बंदरांतून निघून दुसऱ्यांत संपत असेल, उदाहरणार्थ व्हँकूव्हरहून निघून अलास्कांत उतरविणार असेल, तर ही सवलत मुळींच लागू होत नाहीं. शिवाय ही सवलत अमेरिकेनें स्वतःच्या दारापुरती दिलेली आहे. वाटेंतील बेटाच्या सरकारनें पासपोर्टच मागितला, तर त्यापुढें तिचा इलाज चालत नाहीं.

खरा धोका निराळाच आहे. सहलीच्या तिसऱ्या दिवशीं आजोबांस हृदयविकाराचा झटका आला आणि त्यांस नासाऊच्या इस्पितळांत उतरवावें लागलें, अशी कल्पना करावी. अथवा बाजारांत वेळ झाला आणि जहाज ठरल्या घटकेस निघून गेलें. आतां घरीं परतावयाचें तें विमानानें. आणि विमानासाठीं जन्मदाखला चालत नाहीं. पाकिटांत मावणारें अमेरिकेचें पासपोर्ट-कार्डही समुद्र व जमीन यांपुरतेंच उपयोगी. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासास तें चालत नाहीं. मग आपल्या वकिलातीकडे धांव घेऊन तांतडीचा पासपोर्ट मिळेपर्यंत, आजारी मनुष्यासह परक्या गांवीं थांबावें लागतें. कायद्यानें आवश्यक नसला तरी प्रत्येकानें पासपोर्टाची पुस्तिका जवळ ठेवावी, असा सल्ला जाणते देतात तो याचसाठीं.

मुलांच्या बाबतींत अधिक काळजी लागते. पूर्वीं मुलांचीं नांवें आईबापांच्या पासपोर्टांत लिहीत असत. आतां तान्ह्या बाळासही स्वतंत्र पासपोर्ट लागतो. प्रौढांच्या पासपोर्टाची मुदत भारतांत व अमेरिकेंत दहा वर्षांची असते; परंतु सोळा वर्षांखालील अमेरिकन मुलाचा पासपोर्ट पांचच वर्षें चालतो, आणि भारतांत अज्ञान मुलाचा पासपोर्ट सामान्यतः पांच वर्षें किंवा वयाचीं अठरा वर्षें पूर्ण होईपर्यंत, यांपैकीं जें आधीं येईल तोंवर चालतो. आईबापांचे पासपोर्ट चालू आहेत म्हणून मुलांचेही असतील हा समज पुष्कळांस नडतो. सोळा वर्षांखालील मुलाच्या अमेरिकन पासपोर्टासाठीं आईबाप दोघांनीं समक्ष जावें लागतें, किंवा जो येऊं शकत नाहीं त्यानें नोटरीसमोर सही केलेलें संमतिपत्र पाठवावें लागतें. मूल केवळ आईबरोबर, केवळ वडिलांबरोबर, अथवा आजी-आजोबांबरोबर निघालें असेल, तर प्रवासासाठींही असें संमतिपत्र बरोबर ठेवावें. आईबापांच्या भांडणांत एकानें मूल दुसऱ्या देशांत पळवून नेण्याचे प्रकार घडतात. १९८० चा हेग येथील करार याच दुःखांतून जन्मास आला. अधिकाऱ्यानें मुलास दोन प्रश्न अधिक विचारले तर त्यांत अपमान मानूं नये. ती मुलाच्या रक्षणाचीच व्यवस्था आहे.

अमेरिकेंत राहणाऱ्या मराठी कुटुंबांची स्थिति याहून गुंतागुंतीची असते, कारण तेथें एकाच छपराखालीं तीन-चार प्रकारचे कागद नांदत असतात. न्यू जर्सींतील एखादें घर कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावें. पिता एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, माता त्याच्या आश्रिताच्या एच-४ व्हिसावर, मुलगी तेथेंच जन्मलेली म्हणून अमेरिकन नागरिक, आणि पुण्याहून आलेले आजी-आजोबा पाहुण्यांच्या बी-२ व्हिसावर. बेयॉन गांवच्या बंदरांतून बर्म्यूडा बेटाची सहल ठरते. मुलीस जन्मदाखला पुरेल. आजी-आजोबांचा व्हिसा अनेक वेळां प्रवेश देणारा व मुदतींतला असेल, तर तेही परत येऊं शकतील. मात्र परततांना अधिकारी नव्यानें पूर्ण सहा महिन्यांची मुदत देईलच, असें धरूं नये. अडचण येते ती आईबापांची.

पासपोर्टांत चिकटविलेला व्हिसा आणि देशांत राहण्याची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हिसा ही दाराची किल्ली. आंत राहण्याची मुदत आय-९४ या नोंदीवरून ठरते. नोकरी करणाऱ्याची मुदत अमेरिकेंत बसूनच वाढवून मिळते, आणि मग पासपोर्टांतील व्हिसा केव्हांच संपला असला तरी त्याचें वास्तव्य कायदेशीर राहतें. घरांत असेपर्यंत किल्ली लागत नाहीं. परंतु जहाज बर्म्यूडास लागलें कीं मनुष्य दाराबाहेर पडला, आणि परततांना किल्ली हवीच. संपलेल्या व्हिसावर परत येऊं देणारी एक सवलत अमेरिकेच्या नियमांत आहे. तिला व्हिसाचें आपोआप नूतनीकरण म्हणतात. तीस दिवसांच्या आंत परतणाऱ्या व चालू मुदतीची आय-९४ नोंद असलेल्या प्रवाशास ती मिळते. परंतु नोकरीच्या व्हिसावरील माणसांस ती केवळ कॅनडा व मेक्सिको या दोन लगतच्या देशांहून परततांनाच लागू आहे. एफ व जे वर्गांतील विद्यार्थी आणि अभ्यागत यांस मात्र ती क्यूबा वगळून शेजारच्या बेटांसाठींही मिळते. म्हणजे त्याच जहाजावर शिकणारा भाचा निर्धास्त परतूं शकेल, आणि दहा वर्षें कर भरणारा त्याचा मामा अडकून पडेल. ज्यानें त्या मुक्कामांत परदेशीं नव्या व्हिसासाठीं अर्ज केला, त्यासही ही सवलत मिळत नाहीं. कायम वास्तव्याचें ग्रीन कार्ड ज्यांच्यापाशीं आहे त्यांस परतण्याची चिंता नाहीं. तथापि वाटेंतील देशांसाठीं भारतीय पासपोर्ट त्यांनींही जवळ ठेवावा.

परतण्याबरोबरच जाण्याचाही विचार करावा लागतो. भारतीय पासपोर्टधारकास कॅनडाचा व्हिसा लागतो, म्हणून व्हिक्टोरिया बंदरावरून जाणाऱ्या अलास्काच्या सहलीसाठीं त्याची तजवीज आधीं करावी. ग्रीन कार्डवाल्यास मात्र कॅनडानें त्यांतून सूट दिली आहे. मेक्सिको हा देश वैध अमेरिकन व्हिसा असलेल्या प्रवाशाकडे निराळा व्हिसा मागत नाहीं. प्रत्येक बंदराचा नियम असा वेगवेगळा असल्यामुळें, जहाजाच्या वेळापत्रकांतील एकेक नांव घेऊन चौकशी करणें हाच खरा मार्ग.

भारतांतून निघणाऱ्यांसही हेंच तत्त्व लागू पडतें. मुंबईहून गोवा किंवा कोची येथें जाणारी सहल देशांतर्गतच असते. तिला सरकारी ओळखपत्र पुरतें. तेंच जहाज श्रीलंकेच्या बंदरास लागणार असेल, तर पासपोर्ट व त्या देशाची प्रवेशपरवानगी हवी. सिंगापूरहून निघून मलेशियाच्या बंदरांस भेट देऊन सिंगापुरासच परतणाऱ्या फेरींत सिंगापुरांत दोनदां प्रवेश होतो. एकदांच प्रवेश देणारा व्हिसा तेथें अपुरा पडतो. युरोपांत शेंगेन करारांतील देशांचा व्हिसा एकच असतो. परंतु अथेन्सजवळील पिरिअस बंदरांतून निघालेलें जहाज तुर्कस्तानच्या कुशादासीस लागून पुन्हा ग्रीसच्या ऱ्होड्स बेटास आलें, कीं तो प्रवेश दुसरा ठरतो. व्हिसाचा अर्ज भरतांना ‘अनेक प्रवेश’ या रकान्याकडे लक्ष न दिल्याचें फळ अशा वेळीं भोगावें लागतें.

आतां थोडक्यांत आचरणाच्या गोष्टी. सहलीचे पैसे भरण्यापूर्वीं घरांतील प्रत्येकाचा पासपोर्ट उघडून मुदत पाहावी; प्रवास संपल्यावरही ती सहा महिने उरलेली असावी, अशी पुष्कळ देशांची अट असते. तिकिटावरील नांव पासपोर्टावरील नांवाशीं अक्षरशः जुळावें. मधलें नांव, आडनांव यांच्या उलटापालटीनें मराठी माणसांची विशेष फजिती होते. जहाजाच्या कंपनीस, आपण कोणत्या देशाचे नागरिक व कोणत्या व्हिसावर आहोंत, हें कळवून उत्तर लेखी घ्यावें. धक्क्यावर मोठ्या पेट्या हमालांच्या स्वाधीन कराव्या लागतात व त्या सायंकाळपर्यंत खोलींत येत नाहींत. म्हणून कागद त्यांत न घालतां हातांतील पिशवींत ठेवावे. सर्व कागदांच्या नकला एक संच जवळ व एक घरीं नातलगांपाशीं असाव्या.

तहान लागल्यावर विहीर खणूं नये, हें वडीलधाऱ्यांचें सांगणें येथें अक्षरशः खरें ठरतें. नवा पासपोर्ट मिळण्यास आठवडे लागतात, व्हिसाच्या मुलाखतीस कित्येकदां महिने लागतात, आणि जहाज मात्र ठरल्या दिवशीं ठरल्या घटकेस सुटतें. ज्या कुटुंबानें चार महिने आधीं एका संध्याकाळीं बसून सर्वांचे कागद एका टेबलावर मांडून पाहिले, त्यांतील नातवंडें आजीचा हात धरून निर्धास्तपणें शिडी चढतात; आणि ज्यांनीं तें केलें नाहीं, त्यांतील कोणास तरी धक्क्यावर उभें राहून इतरांस निरोप द्यावा लागतो.