आडवा वारा आणि पुढचे चाक

आकाशातून येणारे विमान भूमीला टेकते, तो क्षण वैमानिकाची कसोटी पाहणारा असतो. वारा समोरून येत असेल, तर तो विमानाचा वेग आवरण्यास साह्यच करतो. परंतु वारा आडवा असेल, तर तो विमानाला धावपट्टीवरून बाजूला लोटू पाहतो. नदी ओलांडताना नावाडी होडीचे तोंड थोडे प्रवाहाविरुद्ध ठेवतो, तेव्हाच होडी समोरच्या घाटाला लागते. त्याचप्रमाणे वैमानिकही विमानाचे नाक किंचित वाऱ्याकडे वळवतो. मग विमान तिरपे दिसते. पण जाते मात्र धावपट्टीच्या रेषेत.

खरी अडचण याच्या पुढे आहे. असे तिरपे विमान तसेच जमिनीला टेकले, तर काय होईल? पूर्वीच्या बहुतेक हलक्या विमानांना पुढे दोन मोठी चाके व शेपटीखाली एक लहान चाक असे. त्यांचा गुरुत्वमध्य मोठ्या चाकांच्या मागे असतो. तिरपी चाके जमिनीला घासून अडतात. मागचा भार मात्र पूर्वीच्याच दिशेने पुढे धाव घेतो. त्यामुळे तिरपेपणा वाढत जाऊन विमान गर्रकन फिरते. म्हणून टेकण्याच्या अगदी आधी वैमानिकाला पायाने सुकाणू दाबून नाक सरळ करावे लागते. यात क्षणाची चूक झाली, तरी चाके मोडतात किंवा पंख जमिनीवर आपटतो.

सामान्य माणसालाही निर्धास्तपणे चालवता येईल असे विमान बनवावे, असा ध्यास फ्रेड वाइक या अमेरिकन अभियंत्याने घेतला. त्याचे ‘एरकूप’ हे दोन आसनांचे विमान १९३७ साली प्रथम उडाले. त्यात एक चाक नाकाखाली होते आणि मोठी चाके गुरुत्वमध्याच्या मागे होती. एवढ्या बदलाने सारे चित्र पालटले. दोन चाकांची हातगाडी मागून ढकलली, तर तिचे तोंड भलतीकडे वळते. पुढून ओढली, तर ती निमूटपणे मागे येते. एरकूपमध्ये पुढचा भार चाकांना असाच ओढून नेई. विमान तिरपे टेकले, तरी ते आपोआप सरळ होई.

या विमानात पायाने दाबायचे सुकाणूच नव्हते. मोटारीप्रमाणे हातातील एकच चक्र फिरवले, की पंखांवरील हलत्या फळ्या, शेपटीची सुकाणे आणि पुढचे चाक ही सर्व एकदम वळत. तिरपे टेकण्याचा हिसका सोसता यावा, म्हणून मोठ्या चाकांची बांधणीही भक्कम केलेली होती.

तथापि वैमानिकाला एक पथ्य पाळावे लागे. चाके टेकताच चक्रावरील पकड सैल करून पुढच्या चाकाला आपली दिशा घेऊ द्यावी लागे. घाबरून चक्र घट्ट धरले, तर विमान धावपट्टी सोडून बाजूला जाण्याचा संभव असे. चपळ हातापायांवर सोपवलेले काम चाकांच्या योग्य जागेने केले. मात्र हात केव्हा सैल सोडावा, हे माणसालाच शिकावे लागले.